काचेपलीकडची वेणी

दूध वर आलं, निकितानं गॅस बंद केला आणि मग तिच्या लक्षात आलं की दुधाचं हे भांडं, हा गंज, आपल्या घरातला नाही. स्वयंपाकघरातलं प्रत्येक भांडं तिला पाठ होतं. कुठल्या पातेल्याला कुठे पोचा आहे, कुठल्या डब्यावर दुसऱ्याच डब्याचं झाकण बसतं, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. हा मात्र कोरा करकरीत, अंगावरचा कागद अर्धवट खरवडलेला. "आत्याबाई, हा गंज कोठून आला?" तिनं सहज विचारलं. तिच्या सासूबाई, शकुबाई, ओट्याशी बसून लसूण सोलत होत्या. "परवा गंगी आलती ना. केसावर घेतला," त्या म्हणाल्या, आणि सौदा साधल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर अजून ताजं होतं. गंगीला दारव्ह्यात कोण ओळखत नाही? डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला झोळी. बायकांनी फणीतून निघालेली गुंतवळ वर्षभर कोनाड्यात जमवायची, गंगीनं ती तळहातावर तोलायची आणि बदल्यात एखादी वाटी नाहीतर चमचा काढून द्यायचा. "माह्या गुंतवळीवर तं वाटीच देत होती भवानी. मंग म्हतलं थांब, कपाटावर ठेवलेले हायेत, वैष्णवीचे. लांबसडक. त्याच्यावर हा गंज देल्ला, आन् झाकन म्या भांडून घेतलं." निकितानं बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद केला. मग ती खोलीत गेली, स्टुलावर चढली आणि कपाटावर हात फिरवला. केस ठेवलेली उशीची पांढरी खोळ तिथे नव्हती.

"ते वैष्णवीचे नव्हते," ती परत येऊन म्हणाली. वैष्णवी तिची मुलगी, अकरा वर्षांची. उन्हाळ्यात तिनं केस आखूड करून घेतले होते, पण ते पार्लरच्या फरशीवरच राहिले होते. "माह्या मायचे होते." शकुबाईंचा हात थांबला. "मले काय मालूम वं," त्या हळूच म्हणाल्या. "मेलेल्या मानसाचे केस घरात कोन ठेवते?" रागानं नाही, खरोखरच न कळून त्यांनी विचारलं. आणि खरं सांगायचं तर कापलेले केस घरात ठेवू नयेत, भांडणं लागतात, हे निकितालाही लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच तिनं ते कोणाला न सांगता ठेवले होते. चोरासारखं ठेवलं आणि मोडीसारखं गेलं, आता बोल तरी कोणाला लावणार? रविवारी तिच्या आईला, देवकाबाईला, जाऊन वर्ष पुरं होत होतं. रविवारी तिचे वडील येणार होते, ती वेणी न्यायला. मारोतरावांनी आयुष्यात लेकीकडे काही मागितलं नव्हतं. स्मशानातून परत आल्यावर पायांवर पाणी घेताना एवढंच म्हणाले होते, "बाकी सारं जळलं. तेवढी वेनी ठेव. वर्ष झालं का मी नेतो आन् अरुणावतीच्या पान्यात सोडतो." तिनं हो म्हटलं होतं. आज शुक्रवार होता.

निकिता ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची. गेली नऊ वर्षं दर दिवाळीनंतर ती अकरावीच्या पोरांना एक माहितीपट दाखवत आली होती. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावायच्या, फळ्यावर चादर, आणि त्या चादरीवर आउश्वित्झ, नाझींची मृत्युछावणी. पोरं सुरुवातीला अंधाराचा फायदा घेऊन खिदळायची, मग हळूहळू गप्प व्हायची. एका ठिकाणी कॅमेरा एका लांबच लांब काचेच्या बाजूनं सरकत जातो. काचेपलीकडे केस. ज्या बायका तिथे मारल्या गेल्या त्यांचे कापून घेतलेले केस, डोंगराएवढे, काळानं एकाच मातकट रंगाचे झालेले. ते पोत्यांत भरून गिरण्यांना विकले जात, त्यांचं कापड होई. हे ऐकलं की पोरं अस्वस्थ व्हायची. कापसाच्या मुलखातली पोरं. माल पिंजणं, गठाणी बांधणं, गाडी भरणं त्यांनी जन्मापासून पाहिलेलं. त्या ढिगात वरच एक वेणी होती, न सुटलेली, मध्येच वाकलेली, टोकाला चिंधी बांधलेली. निकिता दरवर्षी बरोबर तिथेच चित्र थांबवायची. "हिच्याकडे बघा," ती म्हणायची. "ही सकाळी कोणीतरी घातली. कोणाच्या तरी आईनं, नाहीतर बहिणीनं. आपण हिला विसरलो तर तिला दुसऱ्यांदा मारलं." वाक्य तिचं आवडतं होतं. ते म्हणताना आवाज कुठे खाली आणायचा, हेही ठरलेलं होतं. मागच्या आठवड्यात आरजू नावाच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, ते केस निवडले कोणी?" निकिता म्हणाली, कैद्यांकडूनच करून घेत ही कामं. आरजू म्हणाली, "मंग त्याईले आपल्या घरच्याईचे ओळखू आले असतीन." निकितानं स्टाफरूममध्ये जाऊन तो प्रश्न सगळ्यांना कौतुकानं सांगितला होता. चहा पिता पिता.

शनिवारी सकाळी ती गंगीच्या घरी गेली. गंगी भांडी टोपलीत रचत होती. निकितानं सांगितलं तसं तिनं आधी कपाळावर हात मारला, मग पदर तोंडाला लावला. "मले सांगतलं असतं तं म्या हात नसता लावला, म्याडम. काल दिग्रसले पोचतं केलं सारं. तिथं अब्रारभाईचा गोदाम हाय जिनिंगच्या मांगं. पन आज शनवार. आज त्याईचा माल कलकत्त्याले निघते, चार वाजता. तुमी आत्ताच निघा." निकिता तशीच जीपस्टँडवर गेली. नवरा राजूरला, कोळसा खाणीवर. त्याला फोन करावा असं तिच्या मनातही आलं नाही. जीपमध्ये मधल्या सीटवर चौथी म्हणून ती कशीबशी बसली. शेजारच्या बाईनं अंबाडा घातला होता आणि खड्डा आला की तो निकिताच्या गालाला लागत होता. तेलाचा वास आला. मायच्या केसांना कसला वास होता? खोबरेल लावायची की जवसाचं? निकितानं डोळे मिटून आईची वेणी आठवायला घेतली, वर्गात एखादी सनावळी आठवावी तशी, खात्रीनं. कमरेपर्यंत होती. की कमरेच्या खाली? पांढरे किती होते? शेवटच्या वर्षांत माय मेंदी लावायची, की ती मेंदी शेजारच्या काकूंची? डोळ्यांसमोर वेणी आली ती मातकट रंगाची, मध्येच वाकलेली, टोकाला चिंधी बांधलेली. तिनं ती ढकलून दिली. ती पुन्हा आली. नऊ वर्षं थांबवून थांबवून पाहिलेली, पेडान्‌पेड ठाऊक असलेली ती वेणी काचेपलीकडे निवांत पडून होती. आणि मायची जागा रिकामी.

रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या. दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकला होता. निकिता स्वतःला समजावत होती की घाबरल्यामुळे असं होतंय, परीक्षेत होतं तसं, समोर दिसलं की आठवेल. पण आठवलं ते दुसरंच. मागच्या अंगणात माय स्टुलावर बसली होती, गळ्याभोवती जुनं लुगडं. इंजेक्शनं सुरू झाली की केस जाणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "गळू गळू जाईन, उष्ट्यात पडन. त्यापेक्षा तूच काप," माय म्हणाली होती. निकिताला चारची जीप गाठायची होती, दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्यूटी होती, आणि खांदा आणि कान यांच्यामध्ये तिनं फोन धरला होता. सुपरव्हिजनची यादी कोणीतरी बदलली होती. कात्री बोथट होती. वेणी एका झटक्यात तुटेना, करवतीसारखी कात्री चालवावी लागली. तो करकर आवाज तिला अजून ऐकू येत होता, बोटाला पडलेला वळही आठवत होता. फोनवर आपण काय म्हणालो, तेही शब्दन्‌शब्द आठवत होतं. वेणी हातात आली तेव्हा मान न वळवता माय म्हणाली, "कशी दिसते वं? दाखव तं जरा." आणि निकिता म्हणाली, "थांब ना माय, फोनवर आहे." मग खोळीत घातली, गाठ मारली. दाखवायची राहिली. तिनं स्वतःही पाहिली नाही. वर्षभर ती खोळ कपाटावर होती आणि एकदाही तिनं गाठ सोडली नव्हती. दुःख होईल म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली होती. दुःख कसलं, आळस होता तो, आणि भीती. परक्यांच्या मरणावर वर्ग रडवणारी ही बाई आईच्या मरणाकडे पाठ करून बसली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत शिरल्यावर पहिल्यांदा ओलसर, शाम्पू आणि खोबरेल मिसळलेला वास आला, आणि मग डोळे सरावले तसा ढीग दिसला. गुंतवळीचा ढीग, निकिताच्या छातीएवढा, करडा, हलका, पंख्याच्या वाऱ्यानं वरून हलणारा. भोवती सात-आठ बायका बसून मोठाल्या सुयांनी गुंता सोडवत होत्या, बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. निकिताचे पाय तिथेच अडले. आपण हे पाहिलं आहे, असं तिला वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. काय पाहिलं आहेस तू? तिथे माणसं मारली होती. इथे शकुबाईंनी झाकणासाठी भांडून गंज घेतला होता. या बायका दुपारचा डबा घेऊन कामाला आलेल्या होत्या. याला त्याची उपमा देणं म्हणजे त्या मेलेल्यांचाही अपमान आणि या जित्यांचाही. तिथे गुन्हेगार होते, त्यांची नावं होती, खटले झाले. इथे कोणी नव्हतं. गुन्हेगार शोधत शोधत ती शेडभर नजर फिरवत राहिली, आणि फिरून फिरून एकच बाई सापडत होती, दारात पर्स धरून उभी असलेली. ढिगातला एक केस उडून तिच्या साडीला चिकटला. तो झटकावा की नाही, हे तिला कळेना.

"कोन पायजे?" एक बाई उठून आली. गुलनार तिचं नाव, चाळिशीची, ओढणी डोक्यावर घट्ट बांधलेली; माल निवडून लावायचं काम तिच्याकडे होतं. निकितानं कसंबसं सांगितलं. गुलनार म्हणाली, "इन्तकाल झालेल्या माय के? या अल्ला. या, इकडं या." शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीवर कापलेल्या वेण्या मांडल्या होत्या, पन्नास-साठ तरी, शेजारी शेजारी, लांबीप्रमाणे. सगळ्या धुतलेल्या. सगळ्यांच्या वरच्या टोकाला एकाच पिवळ्या रंगाचं रबर. "आल्याबरोबर धुतो आमी, मंग सगळ्याइले सारखं रबर लावतो. जुनं काही ठेवत नाही, तेल धरते. तुमी बघा आरामात. वळखायची खून काय होती?" निकिता खाली बसली. काळ्या होत्या, करड्या होत्या, मेंदीनं लाल झालेल्या होत्या, एक अगदी पांढरी. "लांबी किती होती?" गुलनारनं विचारलं. "जाडी? मनगटाएवढी का अंगठ्याएवढी? मेंदी लावत होत्या का?" इतके साधे प्रश्न होते. वर्गात एखाद्या पोरानं उत्तर दिलं नसतं तर तिनं त्याला उभं केलं असतं. "टोकाला चिंधी बांधलेली होती," निकिता म्हणाली. "आणि मधेच वाकलेली." गुलनार खरंच शोधायला लागली. एकेक वेणी उचलून टोक बघू लागली, शेजारच्या बाईला हाक मारून म्हणाली, "चिंदी कोनी फेकली का, देख तं जरा कचऱ्यात." दोन बायका कचऱ्याची पाटी उलटी करून बसल्या. आणि तेव्हा निकिताला उमगलं की आपण कोणाच्या वेणीचं वर्णन केलं आहे. ती खूण देवकाबाईची नव्हतीच. ती नऊ वर्षं फळ्यावरच्या चादरीवर थांबवलेल्या, नाव नसलेल्या बाईची होती. दिग्रसच्या कचऱ्यात दोन बायका तिची चिंधी शोधत होत्या. "राहू द्या," निकिता म्हणाली. "चिंधी नव्हती."

तिनं एकेक वेणी हातात घेतली. ही असेल, असं प्रत्येक वेळी वाटलं, आणि नसेल असंही तितकंच वाटलं. नाकाशी नेली तर सगळ्यांना एकाच साबणाचा वास. माय, तू बोल ना, ती मनात म्हणत राहिली, कसली तरी खूण दे. पण खुणा देणारी माय वर्षापूर्वी दाखव म्हणाली होती, तेव्हा हिला वेळ नव्हता. यातलीच एक तिची होती, हे नक्की होतं. हात लागला असेल, उचलून पुन्हा ठेवली असेल. रडू येईना. आलं असतं तर बरं, रडणाऱ्या माणसाला लोक मदत करतात आणि तो स्वतःलाही थोडं माफ करतो. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले. मग तिला बाबांचे हात आठवले. शेवटच्या दोन वर्षांत मायचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. तेव्हा दुपारी दार लोटून मारोतराव तिची वेणी घालायचे. गडी माणूस बायकोचे केस विंचरतो हे कोणाला दिसू नये म्हणून दार लोटलेलं. निकितानं एकदाच फटीतून पाहिलं होतं. तीन पेड धरलेली त्यांची जाड, भेगाळ बोटं, आणि माय डोळे मिटून बसलेली. बाबांना दाखवायची गरजच नव्हती. अंधारात हातात दिली असती तरी त्यांनी ओळखली असती. आणि बाबांचं गाव दिग्रसला लागूनच होतं, फाट्यावरून दोन कोस. तिनं पर्समधून मोबाईल काढला.

"हालो, निकी?" पलीकडे वारा घोंघावत होता. "मी उद्या सकाळच्या जीपनं येतो. तुह्या सासूले सांग, डबा-गिबा करू नको म्हना. वेनी हाय ना नीट ठेवलेली?" नुसतं सांगायचं होतं. बाबा, मी दिग्रसला आहे, या. पाच शब्द. पण त्यानंतरचेही सांगावे लागले असते. कपाटावर टाकून दिली होती, गंजावर गेली, आणि समोर पडली आहे तरी तुमच्या लेकीला तिची माय ओळखू येत नाही. "हो बाबा," ती म्हणाली. "आहे." फोन बंद झाला. गुलनार ऐकत होती. "बाबा इकडंच राह्यते का जवळ? बोलवून घ्या ना. टेम्पो चार वाजेलोक थांबते, म्या थांबवते." निकिता म्हणाली, "त्यांना बरं नाही." हे ती इतक्या सहज म्हणाली की तिची तिलाच भीती वाटली. मग तिनं ताडपत्रीवरून एक वेणी उचलली. मध्यम लांबीची, काळ्यात पांढरी मिसळलेली, साठीच्या कोणत्याही बाईची असेल अशी. "हीच," ती म्हणाली. गुलनारनं तिच्याकडे पाहिलं, वेणीकडे पाहिलं. मालकाला सांगून आली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. निकिता लगेच निघू शकत होती, पण निघाली नाही. उरलेल्या वेण्या पोत्यात गेल्या, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं, पोतं टेम्पोत चढलं. आपली आई त्यात आहे हे माहीत असून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, टेम्पो वळणावर जाईपर्यंत. वरात पाहायला आलेल्या माणसासारखी.

रविवारी मारोतराव नऊला आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. शकुबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला, जुन्याच पातेल्यात. निकितानं तशीच एक पांढरी खोळ शोधून त्यात वेणी घातली होती, गाठही तशीच मारली होती. मारोतरावांनी आधी हात धुतले. मग भिंतीला टेकून बसले, खोळ मांडीवर घेतली आणि गाठ सोडली. रबराकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी वेणी डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हाताची बोटं पेडांवरून खाली नेली, एकदाच. मध्यावर ती थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. "हे देवकाचे नाहीत," ते म्हणाले. शकुबाई उठून आत गेल्या. निकितानं सगळं सांगितलं, गंजापासून पोत्यापर्यंत, काही न लपवता, आणि सांगताना आपला आवाज वर्गातल्यासारखा सरळ, स्पष्ट येतो आहे हे तिला ऐकू येत होतं. ते थांबवावं असं तिला फार वाटलं, पण थांबवता येईना. "हरवली नव्हती बाबा," शेवटी ती म्हणाली. "तिथंच होती माह्या समोर. मले ओळखू आली नाही." मारोतराव बराच वेळ त्या परक्या बाईच्या केसांवरून हात फिरवत बसले, सवयीनं, काय करतो आहोत ते न कळता.

"तू फोन केलता," ते म्हणाले, "तवा कुठं होती?"

"तिथंच."

त्यांनी वेणी खोळीत घातली. गाठ मारायला गेले, पण बोटांना ती जमेना.

"मी बांधावर बसलो होतो," ते म्हणाले. "पायी आलो असतो वं."